अंगठे उठवणाऱ्या बायकांची बँक



चौथीच्या वर्गावर मी गणित शिकवत होते. नोटा, नाणी, पैशांचे व्यवहार असा धडा चालला होता. सहज म्हणून मी मुलांना विचारलं, "तुमची आई तिचे पैसे कुठं ठेवते रे?"

झालं! सगळ्यांचे हात वर.

"बाई, तांदळाच्या डब्यात!"

"आमची आई देवाच्या फोटोमागं ठेवते."

"आमची आजी चंचीत ठेवते. सुपारी आणि पैसे एकाच चंचीत!"

वर्गात नुसता हशा पिकला. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा हळूच म्हणाला, "बाई, आमच्या आईचे पैसे नसतातच. पैसे बाबांचे असतात."

त्याची आई रोज दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, हे मला ठाऊक होतं. मजुरी ती कमावते आणि तिचे पैसेच नसतात? मी त्याला काही बोलले नाही. पण त्या दिवशी धडा बाजूला ठेवला आणि वर्गाला एक खरी गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हांला सांगते. ही गोष्ट आहे एका छोट्या गावातल्या बँकेची, आणि ज्यांना स्वतःची सही करता येत नव्हती अशा बायकांनी ती कशी उभी केली त्याची.

गाव म्हसवड, मुलूख माणदेश

आधी नकाशा काढा. सातारा जिल्हा शोधा. त्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर दिसेल. तिथं वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस कोसळतो. आता बोट सरकवत सरकवत पूर्वेला या. माण तालुका लागेल. जिल्हा तोच, पण इथं पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी! असं का बरं? समुद्राकडून येणारे ढग सह्याद्रीला अडतात, तिथंच रिते होतात आणि पलीकडं पोचेपर्यंत त्यांच्यात फारसं पाणी उरतच नाही. यालाच भूगोलात पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

माण नदीकाठच्या या मुलुखाला माणदेश म्हणतात. माळरानं, बाभळी, मेंढरांचे कळप, ज्वारी-बाजरीची शेतं. व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी' हे पुस्तक मोठे झाल्यावर जरूर वाचा. त्यात तुम्हांला हाच मुलूख भेटेल. पाऊस नसला की शेती नाही, शेती नसली की काम नाही. म्हणून इथली कितीतरी माणसं मुंबईला हमालीला जात, ऊसतोडीला जात. मागं राहत त्या बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. घर चालवायचं बायकांनी. कुणी शेळ्या पाळायची, कुणी बाजारात भाजी विकायची, कुणी मजुरीला जायची.

याच माण तालुक्यात म्हसवड नावाचं गाव आहे. सिद्धनाथाचं देऊळ आणि मार्गशीर्षातली रथयात्रा यांमुळे ते पूर्वीपासून प्रसिद्ध. मुंबईत वाढलेल्या, अर्थशास्त्र शिकलेल्या चेतना गाला या तरुणी जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीत काम करत होत्या. म्हसवडचे शेतकरी कार्यकर्ते विजय सिन्हा यांच्याशी त्यांचं लग्न झालं आणि त्या या गावी राहायला आल्या. मुंबईची मुलगी माणदेशाची सून झाली! पुढं सगळा देश त्यांना चेतना सिन्हा म्हणून ओळखू लागला. आपण मात्र त्यांना चेतनाताई म्हणू या.

कांताबाईंचा प्लॅस्टिकचा कागद

एके दिवशी चेतनाताईंकडं कांताबाई नावाची एक बाई आली. लोहारकाम करणारी. घर कसलं? रस्त्याच्या कडेलाच तिचा संसार. दिवसभर लोखंडावर घाव घालायचे, मिळतील त्या पैशांतून चूल पेटवायची. तिचं म्हणणं एवढंच होतं की, तिला बँकेत खातं उघडायचं आहे.

कशासाठी माहीत आहे? पावसाळ्यात डोक्यावर घालायला प्लॅस्टिकचा मोठा कागद घ्यायचा होता. पोराबाळांनी भिजू नये म्हणून. त्यासाठी थोडे थोडे पैसे साठवायचे होते.

चेतनाताई तिला घेऊन बँकेत गेल्या. बँकेच्या व्यवस्थापकांनी चक्क नकार दिला. एवढ्या लहानशा रकमेचं खातं ठेवणं बँकेला परवडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

थांबा हं! लगेच त्या व्यवस्थापकांवर रागावू नका. त्यांची बाजूही समजून घेऊ. प्रत्येक खात्यामागं बँकेला कागद लागतो, वेळ लागतो, माणूस लागतो. कुणी दहा हजार रुपये भरो की दहा रुपये भरो, लिहिण्याची मेहनत तेवढीच. म्हणून बँकांना मोठी खाती आवडतात. हिशेब म्हणून पाहिलं तर हे बरोबर वाटतं.

पण आता कांताबाईंच्या बाजूनं पाहा. ती कर्ज मागत नव्हती. अनुदान मागत नव्हती. मदत तर मुळीच मागत नव्हती. स्वतः घाम गाळून मिळवलेले पैसे ठेवायला एक सुरक्षित जागा, बस्स! रस्त्यावर राहणाऱ्या बाईनं पैसे ठेवायचे कुठं? पदराला बांधले तर सुटून पडतात. कागदात गुंडाळले तर भिजतात. कुणाच्या हाती लागले तर संपतात. म्हणजे ज्याला घर आहे, कपाट आहे, कुलूप आहे, त्याला बँक खातं देणार. आणि ज्याच्याकडं यातलं काहीच नाही, त्याला मात्र नाही! उलटंच झालं की नाही हे?

चेतनाताईंच्या मनात आलं, कांताबाईंचं खातं बँका उघडत नसतील, तर आपणच बँक का काढू नये?

बँक म्हणजे काय रे भाऊ?

बँक काढायची म्हणजे नुसता गाळा भाड्यानं घ्यायचा, पाटी लावायची आणि खुर्ची टाकून बसायचं, असं नसतं. आधी बँक काय करते ते नीट समजून घेऊ.

समजा, शंभर माणसांनी आपापले पैसे एका ठिकाणी आणून ठेवले. या पैशांना म्हणायचं ठेवी. सगळ्यांना सगळे पैसे एकाच दिवशी लागत नाहीत. मग काही रक्कम हाताशी ठेवून उरलेली रक्कम ज्याला गरज आहे त्याला कर्जाऊ द्यायची. कर्ज घेणारा व्याज देतो. त्या व्याजातला काही भाग ठेव ठेवणाऱ्यांना मिळतो, आणि उरलेल्यातून कर्मचाऱ्यांचे पगार, जागेचं भाडं, वीज असा खर्च भागतो. म्हणजे बँक काही पैशांची विहीर नसते. एकाचं पाणी दुसऱ्याच्या शेताला देणारा तो पाट असतो.

आता या पाटाला भोक पडलं तर? म्हणजे बँक चालवणाऱ्यांनी चुकीच्या माणसाला कर्ज दिलं, हिशेब नीट ठेवला नाही, तर? बुडतात ते लोकांचे पैसे. म्हणून कुणालाही उठून बँक काढता येत नाही. त्यासाठी भारतीय रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. ही बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. तिला बँकांची बँक म्हणतात. आपल्या रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख हे तिचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ साली झालेले.

आणखी एक तारीख लक्षात ठेवा. १९ जुलै १९६९. त्या दिवशी सरकारनं चौदा मोठ्या बँका आपल्या ताब्यात घेतल्या. तेव्हा साऱ्या देशात बँकांच्या मिळून सुमारे आठ हजार शाखा होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक शहरांत. पुढच्या वीस-बावीस वर्षांत त्या साठ हजारांच्या आसपास गेल्या. छोट्या छोट्या गावांत बँकेची पाटी लागली. पण पाटी गावात आली, तरी कांताबाई काचेच्या आत जाऊ शकली नव्हती.

आणि ज्याला बँक आत घेत नाही, त्यानं गरजेला जायचं कुणाकडं? सावकाराकडं! सावकाराचा दर महिन्याचा असतो. 'शेकडा दहा' म्हणजे शंभराला महिन्याला दहा रुपये. ऐकायला किती कमी वाटतं! पण हिशेब मांडा. हजार रुपये घेतले तर महिन्याला शंभर रुपये व्याज. वर्षाला बाराशे! हजाराचे बाराशे नुसते व्याजातच गेले, आणि मूळचे हजार डोक्यावर जसेच्या तसे. तेच बँकेनं वर्षाला शेकडा बारा दरानं दिले, तर वर्षाचं व्याज होतं एकशेवीस. केवढा फरक!

अर्ज परत आला

म्हसवडच्या बायकांनी पैसे जमवायला सुरुवात केली. भाजी विकणाऱ्या, मजुरी करणाऱ्या, शेरडं राखणाऱ्या बायका. कुणी शंभर दिले, कुणी पाचशे. बँकेच्या परवान्यासाठी रिझर्व्ह बँकेकडं अर्ज गेला.

आणि अर्ज फेटाळला गेला!

कारण काय, तर बँक काढणाऱ्या बायकांना लिहिता-वाचता येत नाही. अर्जावर सह्यांच्या जागी अंगठे होते. ज्या बँकेच्या संस्थापकांना अक्षरओळख नाही, तिला परवाना कसा द्यायचा?

मित्रांनो, इथं मला माझ्या आजीची आठवण येते. मी लहान असताना तिच्याबरोबर एकदा तिची पेन्शन आणायला गेले होते. आजीच्या डाव्या अंगठ्याला जांभळी शाई लावली, कागदावर ठसा उमटवला. बाहेर येताच आजीनं तो अंगठा पदरात घासघास घासला. शाई जाईना, तशी तिनं मूठ मिटून अंगठा आत लपवला. घरी येईपर्यंत मूठ उघडली नाही. "दुखतंय का गं आजी?" मी विचारलं. ती म्हणाली, "नाही गं. लोक बघतात." तिला दिसत होती ती शाई नव्हती, लाज होती. शाळेत तिला कुणी घातलंच नव्हतं, त्यात तिची काय चूक?

अर्ज नाकारल्यावर चेतनाताई गावी परतल्या त्या रडतच. त्यांनी ते स्वतःच पुढं सांगितलं आहे. पण कांताबाई आणि बाकीच्या बायका काही रडल्या नाहीत! त्यांनी चेतनाताईंनाच समजावलं, रडायचं कशाला? आपण लिहायला-वाचायला शिकू आणि पुन्हा अर्ज करू.

मग सुरू झाले साक्षरतेचे वर्ग. दिवसभर रानात, बाजारात राबायचं आणि काम आटोपल्यावर पाटी-पेन्सिल घेऊन बसायचं. ज्या हातांना विळा-खुरप्याची सवय, त्या हातांना 'अ' गिरवणं किती जड जात असेल! तुम्हांला आठवतं ना, पहिलीत 'क्ष' काढताना काय व्हायचं ते? इथं तर विद्यार्थिनी तीस, चाळीस, पन्नास वर्षांच्या. पाच महिने असे गेले.

"आमचं गणित तपासा"

पुन्हा अर्ज केला. या वेळी मात्र चेतनाताई एकट्या गेल्या नाहीत. पंधरा बायका त्यांच्यासोबत रिझर्व्ह बँकेत गेल्या. डोक्यावर पदर, पायात साध्या चपला, आणि समोर केवढे मोठे अधिकारी!

बायकांनी अधिकाऱ्यांना जे सांगितलं त्याचा सारांश असा: आम्ही लहान होतो तेव्हा आमच्या गावात शाळा नव्हत्या. आम्ही शिकलो नाही याचा दोष आमच्याकडं येत नाही. लिहिणं-वाचणं आम्हांला पुरतं जमत नसेल, पण हिशेब येतो. हवी ती रक्कम सांगा, तिचं व्याज आम्ही काढून दाखवतो. नाही जमलं तर परवाना देऊ नका. आणि हो, तुमच्या साहेबांनाही तेच गणित कॅल्क्युलेटर न घेता करायला सांगा. बघू कोण आधी उत्तर देतं!

शाब्बास की नाही?

तुम्हांला वाटेल, न शिकलेल्या बायकांना व्याज कसं काढता येईल? अहो, ज्यांनी जन्मभर सावकाराचं व्याज भरलंय, त्यांना व्याज कळणार नाही तर कुणाला? त्यांची रीत पाहा. समजा, सातशे रुपये, दर शेकडा दोन रुपये महिना, मुदत तीन महिने.

आपण पुस्तकातलं सूत्र आठवत बसतो: मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत भागिले शंभर. महिन्याचा दर आधी वर्षाचा करायचा, तो झाला चोवीस. तीन महिने म्हणजे पाव वर्ष. मग गुणाकार, मग भागाकार. आणि बाजारातली बाई? ती बोटांवर मोजते. सातशेत शेकडे सात. साती दुणे चौदा, हे एका महिन्याचे. तीन महिन्यांचे चौदा त्रिक बेचाळीस. झालं! आपण सूत्राचा कागद शोधेपर्यंत तिचं उत्तर तयार.

परवाना मिळाला! १९९७ साली म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. ग्रामीण महिलांनी ग्रामीण महिलांसाठी काढलेली देशातली ही पहिली बँक म्हणून तिचं नाव घेतलं जातं. सुरुवातीच्या सभासद तेराशेच्या वर आणि भांडवल सातेक लाख रुपये. भागाकार करून पाहा, दर बाईमागं साधारण सव्वापाचशे-साडेपाचशे रुपये येतात. एकेका बाईचे पैसे तसे थोडेच. पण तेराशे जणींनी एकत्र ठेवले, तेव्हा त्याची बँक झाली.

बँक दारात येते

बँक निघाली, पण एक नवीच अडचण पुढं आली. बँक उघडते सकाळी, बंद होते संध्याकाळी. नेमक्या त्याच वेळात बायका रानात असतात. दहा-वीस रुपये भरायला बँकेत यायचं तर दिवसाची मजुरी बुडणार. वीस रुपये ठेवण्यासाठी शंभर घालवायचे? हा कुठला शहाणपणा?

मग बँकेनं उत्तर काढलं. बाई बँकेत येऊ शकत नाही ना? मग बँकच बाईकडं जाईल! बँकेच्या कर्मचारी बायका बाजारात, वस्तीवर, घरोघर जाऊ लागल्या. भाजीच्या पाटीपाशी उभं राहायचं, दिवसाची बचत घ्यायची, पावती द्यायची, नोंद करायची. ऊन असो, वारा असो.

मोठ्या माणसांच्या तोंडून तुम्ही 'पिग्मी' हा शब्द ऐकला असेल. रोज थोडे थोडे पैसे गोळा करण्याची ही पद्धत १९२८ साली कर्नाटकातल्या उडुपीच्या एका बँकेनं सुरू केली. पुढं तीच सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली, आणि २०२० साली ती कॅनरा बँकेत विलीन झाली. सुरुवातीला लोक दोन-दोन आणेसुद्धा भरायचे. माणदेशी बायकांना हीच रीत सर्वांत सोयीची होती. रोजच्या रोज कमाई, रोजच्या रोज बचत.

आता बँकेत काम करणाऱ्यांविषयीही थोडं सांगते. आपल्याला काउंटरपलीकडं फक्त नोटा मोजणारे कॅशिअर दिसतात. पण कोणत्याही छोट्या शाखेचा दिवस पाहा. सकाळी तिजोरी उघडते ती एका किल्लीनं नाही, दोन किल्ल्यांनी. दोन किल्ल्या दोन वेगवेगळ्या माणसांकडं. दोघं हजर असल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही. एकावर विश्वास नाही म्हणून का? तसं नव्हे. लोकांच्या पैशाला चार डोळे हवेत म्हणून. संध्याकाळी सगळा हिशेब जुळवायचा. किती आले, किती गेले, हातात किती. एक रुपयाचा जरी फरक पडला, तरी सगळ्यांनी बसून चूक शोधायची. घरी जायची वेळ झाली म्हणून "जाऊ दे एक रुपया" असं म्हणता येत नाही. कारण तो रुपया कुणाचा? कदाचित एखाद्या कांताबाईंचा!

माणदेशी बँकेत ही कामं मुख्यतः बायकाच करतात. आपल्यासारखीच बोली बोलणारी, आपल्यासारखीच साडी नेसलेली बाई काउंटरपलीकडं बसली असली, की आत येणाऱ्या बाईची भीती अर्धी पळते. "ताई, एवढं लिहून द्या की" म्हणायला संकोच वाटत नाही. बँकेच्या इमारतीपेक्षा ही गोष्ट मोठी.

लाजेचा अंगठा झाला किल्ली

पुढं संगणक आले, कार्डं आली. बँकेनं ठरवलं, बायकांना पिन क्रमांक द्यायचा. चार आकडे लक्षात ठेवायचे, दाबायचे आणि पैसे काढायचे. बायकांनी नकार दिला.

बँकेला वाटलं, आकडे लक्षात राहणार नाहीत म्हणून नको म्हणत असतील. आपण शिकवू, मदत करू. पण बायकांचं कारण वेगळंच होतं. एकीनं विचारलं, त्याऐवजी माझा अंगठाच का घेत नाही? आकडा कुणीही चोरेल आणि माझे कष्टाचे पैसे घेऊन जाईल. माझा अंगठा कोण चोरणार?

किती खरं! जुळ्या भावंडांचेसुद्धा बोटांचे ठसे सारखे नसतात. आणि गंमत बघा, बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखणारं जगातलं पहिलं कार्यालय आपल्याच देशात, कलकत्त्याला, १८९७ साली सुरू झालं. बरोबर शंभर वर्षांनी म्हसवडची बँक निघाली. ज्या अंगठ्यामुळे पहिला अर्ज परत आला होता, तोच अंगठा आता तिजोरीची किल्ली ठरला. माझी आजी आज असती तर तिला मी हे सांगितलं असतं. कदाचित तिनं मूठ उघडली असती.

दुष्काळ आणि केराबाई

२०१२ साली माणदेशात मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, रानं करपली. एक दिवस केराबाई नावाची बाई बँकेत आली. सोनं तारण ठेवून कर्ज हवं होतं. तारण म्हणजे कर्ज फिटेपर्यंत बँकेकडं ठेवलेली वस्तू. पैसे कशाला हवेत? जनावरांसाठी चारा-पाणी घ्यायला. दागिना गेला तरी चालेल, पण गोठ्यातलं जनावर जगलं पाहिजे.

आणि तिनं चेतनाताईंना एक प्रश्न टाकला. गावात पाणीच उरलं नाही, तर तुम्ही बँक तरी कशी चालवणार?

बरोबर होतं तिचं. जनावरं विकली, माणसं गाव सोडून गेली, तर ठेवी कुणाच्या आणि कर्ज कुणाला? मग बँकेबरोबरच्या माणदेशी फाउंडेशन या संस्थेनं म्हसवडला चारा छावणी उघडली. शेतकऱ्यांनी आपली जनावरं तिथं आणून बांधायची, तिथंच राहायचं. चारा-पाणी छावणीत मिळायचं. पाऊस लांबत गेला, तशी छावणीही लांबत गेली. ती सुमारे दीड वर्ष चालली!

केराबाई त्या छावणीत फिरून गाणी म्हणायची. लोकांचा शिणवटा जायचा. पाऊस पडला, छावणी उठली, तेव्हा केराबाई थेट संस्थेच्या रेडिओ केंद्रावर हजर! हे गावचं छोटं रेडिओ केंद्र २००८ साली सुरू झालेलं. लिहिता-वाचता न येणारी ही बाई रेडिओवर कार्यक्रम करू लागली, आणि लोक कान देऊन ऐकू लागले.

म्हसवडची ही बँक पुढं आणखी गावांत गेली. बायकांना धंद्याचं शिक्षण देणारी शाळा निघाली. ती शाळा बसमध्ये बसून गावोगाव फिरते! २०१८ साली स्वित्झर्लंडमधल्या दावोसला जगभरच्या पुढाऱ्यांची आणि उद्योगपतींची मोठी परिषद भरली. तिच्या सातही सहअध्यक्ष महिला होत्या. त्यांत एक होत्या म्हसवडच्या चेतना सिन्हा. त्या तिथं पोचल्या, त्यामागं प्लॅस्टिकच्या कागदासाठी पैसे साठवू पाहणारी कांताबाई होती, हे विसरू नका.

आणि तुमचं काय?

मी शाळेत होते तेव्हा शाळेशाळांतून 'संचयिका' असायची. मुलांनी मुलांसाठी चालवलेली बचत बँक. खाऊचे आठाणे-रुपया त्यात भरायचा. भरल्याची नोंद स्वतःच्या पुस्तकात पाहताना काय ऐट वाटायची! आता मात्र दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना खऱ्या बँकेत स्वतःचं बचत खातं उघडून ते स्वतः चालवता येतं. २०१४ साली रिझर्व्ह बँकेनं तशी मोकळीक दिली. त्याच वर्षी जनधन योजना आली आणि कोट्यवधी गरीब माणसांची खाती उघडली गेली. आता शिल्लक नाही म्हणून कुणाला बँकेच्या दारातून परत पाठवता येत नाही.

पण खातं असणं वेगळं आणि ते वापरता येणं वेगळं. तुमच्या घरात, शेजारी एखादी आजी असेल, जिला स्लिप भरता येत नसेल, मशीनपुढं उभं राहायची भीती वाटत असेल. तिला मदत करा. पण एक ध्यानात ठेवा. तिचा पिन विचारायचा नाही आणि आपलाही कुणाला सांगायचा नाही. तिचे पैसे, तिचं खातं, तिचा हिशेब! आपण फक्त शेजारी उभं राहायचं.

आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलाचं काय झालं? गोष्ट संपली तेव्हा तो गप्प होता. दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्याबरोबर माझ्याजवळ आला. इकडंतिकडं बघत कानात म्हणाला, "बाई, मी आईला विचारलं. आईचे पैसे असतात. पण कुठं ठेवते ते कुणाला सांगायचं नाही म्हणाली!"

मी म्हटलं, "शहाणी आहे तुझी आई. पण तिला विचार, खातं काढायचं का?"

करून पाहा

कागद-पेन्सिल न घेता, म्हसवडच्या बायकांच्या रीतीनं तोंडी सोडवा.

१. बाराशे रुपये, शेकडा दीड रुपया महिना, पाच महिने. व्याज किती?

२. रोज पाच रुपये बाजूला टाकले, तर ३६५ दिवसांत किती साठतील?

३. हजार रुपयांवर एका वर्षाचं व्याज काढा. सावकार घेतो महिन्याला शेकडा दहा, बँक घेते वर्षाला शेकडा बारा. दोन्हींत फरक किती?

(उत्तरं: १. ९० रुपये. २. १,८२५ रुपये. ३. १,०८० रुपये. उत्तर आधी पाहिलं असेल, तर आजीकडून नवं गणित घालून घ्या. ती घालील ते सोपं नसेल, सांगून ठेवते!)